चाळणीतून सुटलेली ओळ

ताई मत्सरी होत्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्यांच्याबद्दल काही चांगलंही सांगायचं आहे, आणि ते वाचून कोणी त्यांना देवमाणूस समजायला नको. शेजारणीच्या कुंडीत दोन गुलाब जास्त फुलले तरी ताईंचा दिवस खराब जायचा. ऑफिसात दुसऱ्या कोणाच्या कामाचं कौतुक झालं की त्या हसून अभिनंदन करायच्या आणि मग पाणी प्यायला उठायच्या. घरच्यांना हे सगळं ठाऊक होतं. सासूबाई तर सरळ म्हणायच्या, “सूनबाई, आज कोणाचं चांगलं झालं? तोंड का उतरलंय?”

त्यांचे यजमान चष्म्याचं दुकान चालवत. सगळा रस्ता त्यांना चष्मेवाले म्हणून ओळखायचा, म्हणून आपणही तेच म्हणू. ताई स्वतः जलमापन कार्यालयात होत्या. नदीत, कालव्यात, धरणाच्या तोंडाशी पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवलेली असतात. त्यांच्याकडून येणारे आकडे नीट करणं हे त्यांचं काम. त्यांच्या टेबलाशेजारी एक पाण्याने भरलेलं पिंप असायचं आणि दुरुस्तीला आलेली यंत्रं त्यात बुडवून ठेवलेली असायची. येणारे-जाणारे त्याला धडकायचे आणि ताईंची चप्पल कायम ओली असायची.

पण ताईंचं खरं राज्य घरी होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. तिथे एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेलं टेबल होतं, आणि ऑफिसला जाण्याआधी सकाळी त्या तिथे लॅपटॉप उघडून बसायच्या. पाण्याच्या नोंदींवर काम करण्यासाठी जगभरातल्या लोकांनी मिळून एक मोफत प्रोग्राम लिहिला होता. कोणीही वापरावा, कोणीही आत डोकावून पाहावा, कोणाला काही सुधारावंसं वाटलं तर बदल लिहून पाठवावा. मात्र आलेला बदल कोणीतरी ओळ न् ओळ तपासून ‘मान्य’ म्हटल्याशिवाय आत जात नसे. तपासणाऱ्याने लिहिलेले शेरे सगळ्यांना दिसत. ताई ही तपासणी वर्षानुवर्षं करत होत्या, फुकट, आणि इतकी कसून, की मंडळी त्यांना पाठीमागे ‘चाळण’ म्हणायची. ताईंना ते कळलं होतं आणि आवडलंही होतं.

त्यांचा एक प्रश्न तर प्रसिद्ध होता. प्रोग्रामच्या प्रत्येक भागासोबत काही नमुने ठेवलेले असतात: हे आकडे आत घातले तर बाहेर अमुक आकडे आले पाहिजेत. आले तर पास, नाही तर नापास. आता आळशी माणूस काय करतो, आपलाच प्रोग्राम चालवतो आणि जे उत्तर येईल तेच बरोबर उत्तर म्हणून नमुन्यात चिकटवतो. मग तो प्रोग्राम जन्मभर पास. ताई म्हणायच्या, पेपरही आपणच लिहायचा आणि आपणच तपासायचा, हा कुठला न्याय? म्हणून नवीन माणसाने काहीही पाठवलं की पहिला शेरा ठरलेला असायचा: “हे अपेक्षित आकडे कुठून आले?” त्या एका प्रश्नावर कित्येक जण घाम पुसत परत गेले होते.

अशा ताईंच्या पुढ्यात एका सकाळी पाणकावळ्याचा बदल आला.

पाणकावळा हे अर्थात टोपणनाव. तिथे बहुतेकांची अशीच नावं होती. यंत्र बंद पडलं, वीज गेली, की नोंदींमध्ये खंड पडतो. तेवढ्या वेळात पाणी किती असेल याचा अंदाज बांधून तो खंड भरावा लागतो. खंड भरणारा हा भाग ताईंनी लिहिलेला होता. काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या जिन्यावरून पडून त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, घरी सक्तीची रजा होती, सासूबाई घास भरवत होत्या, आणि डाव्या हाताच्या एका बोटाने टकटक करत ताईंनी तो भाग उभा केला होता. प्रोग्राममध्ये तपासणीची कामं त्यांनी ढीगभर केली. पण स्वतःचं म्हणावं असं हे एकच. पाणकावळ्याने तो पूर्ण उचकटून नव्याने लिहिला होता. वर अगदी नम्रपणे एक वाक्य: “ताई, थोडं सोपं आणि वेगवान करून पाहिलंय. जमलंय का बघाल?”

ताईंनी वाचायला घेतलं. पहिल्या पानावर त्यांनी नाक मुरडलं. दुसऱ्या पानावर त्यांचा चहा निवला. तिसरं पान नव्हतंच. तेवढ्यातच काम संपलं होतं. ताईंनी जिथे दहा ठिकाणी टाके घातले होते, तिथे या माणसाने एकच कापड असं बेतलं होतं की टाक्यांची गरजच पडू नये. ते सुंदर होतं. ताईंना तपासणीची नजर होती, त्यामुळे ते किती सुंदर आहे हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. पोटात दुखायला लागलं ते त्यामुळेच.

फक्त एक ओळ त्याने जुन्यातली जशीच्या तशी ठेवली होती. वापरणाऱ्यांसाठी लिहिलेली सूचना: ‘मोठा खंड एकदम भरू नका. आधी त्याचे दोन तुकडे करा.’ प्लास्टरच्या दिवसांत फार डोकं फोडून ताईंना ते उमगलं होतं. ती ओळ दिसली तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. चला, एक तरी राहिली.

“काय झालं?” चष्मेवाल्यांनी विचारलं. ते डबा भरत होते.

“काही नाही. एकाने माझा भाग बदलायला घेतलाय.”

“बिघडवलाय का?”

ताईंनी निवलेला चहा ओठाला लावला.

“म्हणजे चांगला केलाय,” चष्मेवाले म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

यात नुसता मानाचा प्रश्न नव्हता. त्या मंडळींमध्ये एक रीत होती: ज्या माणसाच्या ओळी एखाद्या भागात सगळ्यात जास्त, तो त्या भागाचा राखणदार. त्या भागात काय यायचं, काय नाही, यावर शेवटचा शब्द त्याचा. ताई खंड भरणाऱ्या भागाच्या राखणदार होत्या. पहिल्या पानावर त्यांचं नाव होतं, आणि कुठूनकुठून माणसं पत्र लिहून त्यांना विचारत की आमच्या नदीचे आकडे असे का येतात. हा बदल मान्य झाला की त्यांच्या ओळी जाणार आणि राखणदार पाणकावळा होणार. आणि मान्य करायचा तो ताईंनीच.

ताईंची एक धाकटी बहीण आहे. लहानपणी ताईंनीच तिला सायकल शिकवली. उन्हातान्हात सीट धरून मागे धावल्या, गुडघे फोडून घेतले. आठवडाभरात धाकटी हात सोडून चालवायला लागली, आणि सगळी गल्ली म्हणाली, धाकटी काय झोकात चालवते. सीट धरून धावणारीला कोणी काही म्हणालं नाही. हे ताई अजून विसरलेल्या नाहीत. पाणकावळ्याचं ते नम्र वाक्य वाचताना त्यांना उगीचच ती सायकल आठवली, आणि आणखीच राग आला.

मग त्यांनी खुसपटं काढायला सुरुवात केली. अमुक नाव लांब आहे. तमुक नाव आखूड आहे. इथे एक रिकामी ओळ हवी, तिथली रिकामी ओळ नको. ही पायरी वेगळी काढावी. दुसऱ्या दिवशी, वेगळी काढलेली पायरी पुन्हा आत घ्यावी. एरवी त्या नवख्यांना ‘तुम्ही’ म्हणायच्या, याला त्यांनी थंडगार ‘आपण’ लावलं. “आपण हे पुन्हा पाहावे.” “आपणास याचे कारण देता येईल काय?” असं त्या कधी कोणाशी बोलत नसत.

प्रत्येक शेऱ्याखाली पाणकावळ्याचं उत्तर एकच: “केलं, ताई.”

त्या ‘केलं, ताई’ने ताईंच्या अंगाची लाही व्हायची. माणसाने जरा तरी चिडावं. चिडला असता तर त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

शेवटी काकांचा फोन आला. हे काका सगळ्या मंडळींची मोट बांधणारे, आनंदी गृहस्थ. नवीन आवृत्ती कधी बाहेर काढायची ते ठरवायचे. “ताई, तो खंडाचा बदल अजून अडकलाय. काही गडबड आहे का त्यात?”

“तपासतेय,” ताई म्हणाल्या.

“तपासा, तपासा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी हातही लावणार नाही. पण लोक विचारतायत हो. पुढच्या आठवड्यात आवृत्ती काढायची आहे.”

एकच गोष्ट राहिली होती: पुराचा नमुना. तो मोठा होता, म्हणून रोज चालवत नसत. तपासणाऱ्याने सगळ्यात शेवटी आपल्या मशीनवर चालवायचा. ताईंनी सकाळी तो लावला आणि भाजी चिरायला घेतली. परत येऊन पाहतात तर पडद्यावर लाल अक्षरं. नापास. पाणी चढत असताना पडलेल्या खंडात पाणकावळ्याचे आकडे अपेक्षित आकड्यांपेक्षा जास्त येत होते.

ताईंना झालेला आनंद सांगण्यासारखा नव्हता, म्हणून त्यांनी तो कोणाला सांगितला नाही. पण सासूबाईंना त्यांनी न मागता दुसरा कप चहा दिला, ऑफिसात पिंपाला धडकलेल्या माणसाला ‘असू दे, असू दे’ म्हणाल्या, आणि त्याआधी, घर सोडण्यापूर्वी, सगळ्यांना दिसेल असा शेरा लिहून आल्या: “पुराच्या नमुन्यात हा बदल साफ नापास झाला आहे. वेग आणि सोपेपणा ठीक आहे. पण आकडे चुकत असतील तर त्याचा उपयोग काय? आपण जुन्या भागाचा नीट अभ्यास करून मग हात घातला असता तर बरे झाले असते.” शेवटचं वाक्य गरजेचं नव्हतं. ते लिहिताना त्यांना सगळ्यात जास्त मजा आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलेलं होतं. या वेळी ते ‘केलं, ताई’ नव्हतं.

“ताई, मी तीन वेळा तपासलं, मला माझी चूक सापडत नाही. एक विचारू का? हे अपेक्षित आकडे कुठून आले?”

ताईंच्या डोक्यात सणक गेली. माझा प्रश्न, आणि मलाच! त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. ‘हे आकडे’ इथपर्यंत लिहिलं, आणि बोटं थांबली.

कारण त्यांना ते आठवलं. डावा हात दुखत होता. भाग लिहून झाला होता, नमुना तेवढा राहिला होता. खऱ्या पुराच्या नोंदी ऑफिसात होत्या आणि त्या घरी प्लास्टर घालून बसल्या होत्या. म्हणून तात्पुरतं म्हणून त्यांनी आपलाच प्रोग्राम चालवला, जे आकडे आले ते चिकटवले, आणि ठरवलं की ऑफिसला गेल्यावर खरे घालू. मग हात सुटला, ऑफिस सुरू झालं, कामं आली. ते आकडे तिथेच राहिले, आणि ताईंचा भाग आपल्याच आकड्यांशी जुळून दरवेळी पास होत राहिला.

चहा तसाच ठेवून ताई उठल्या. चष्मेवाले म्हणाले, “अगं, डबा?” त्या डबा न घेताच गेल्या.

ऑफिसात त्यांनी एका पुलाखालच्या यंत्राची नोंद काढली. पूर आलेला, यंत्र एकदाही बंद न पडलेलं, सगळे आकडे जागेवर. पाणी चढतानाचा एक तुकडा त्यांनी मुद्दाम झाकला, आणि तो खंड आहे असं समजून आधी आपल्या भागाला भरायला लावला, मग पाणकावळ्याच्या. आणि मग झाकलेला खरा तुकडा उघडला. पाणकावळ्याचं पाणी खऱ्या पाण्याच्या बोटभर इकडे-तिकडे होतं. ताईंचं पाणी वीतभर खाली. त्यांनी दुसरा पूर घेतला, तिसरा घेतला. दरवेळी तेच. त्यांचा भाग चढतं पाणी दाबून बसवत होता, आणि कित्येक नद्यांचे पूर कागदावर वीतभर ठेंगणे झाले होते. दुपारपर्यंत त्या पिंपातल्या पाण्याकडे पाहत बसल्या.

हे त्यांच्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं. इथे ताईंच्या मनात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. ‘आकडे तपासलेले आहेत’ एवढं लिहिलं की काम होणार होतं. चाळणीच्या शब्दावर कोण शंका घेणार? काकांनी बदल बाजूला ठेवला असता, आवृत्ती निघाली असती, पहिल्या पानावर नाव राहिलं असतं. ताईंनी ते वाक्य मनातल्या मनात दोन-तीन तऱ्हांनी लिहूनही पाहिलं.

संध्याकाळी काकांचा पुन्हा फोन. “ताई, त्या पाणकावळ्याशी बोललो आज. तुमच्यासारखीच कुठल्याशा कार्यालयात नोकरी करतो. काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, मला कोणी शिकवलं नाही, मी ताईंचे सगळे जुने शेरे वाचून शिकलो. अगदी पहिल्यापासूनचे. तुमचा तो प्रश्न त्याला पाठ आहे.”

हे ऐकून दुसऱ्या कोणाचंही मन विरघळलं असतं. ताईंचं नाही विरघळलं. त्यांना पुन्हा सायकलच दिसली. दुसऱ्या कोणाकडून शिकला असता तर एक वेळ सोसलं असतं. आपलाच हात धरून हा पुढे गेला, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी वाढून घेतलं आणि तसंच ठेवलं.

सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं. “कोणाचं चांगलं झालं एवढं?”

“माझंच वाईट झालंय,” ताई म्हणाल्या. “आकडे चुकले माझे. आणि ज्याचे बरोबर आले त्याला मी चारचौघांत नापास करून बसलेय.”

“कळलंय का कोणाला?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“मग काय? पाणी वीतभर जास्त आहे, अहो. कोणाला कळो न कळो, ते तेवढंच आहे.”

हे बोलल्या खऱ्या, पण मोठेपणाने नाही. चिडून बोलल्या. जेवण मात्र त्यानंतर गेलं.

सकाळी त्यांनी लिहिलं: “पुराच्या नमुन्यातले अपेक्षित आकडे माझ्याच प्रोग्राममधून आले होते. ते चुकीचे आहेत. खऱ्या पुरांशी ताडून पाहिलं. माझा भाग कमी दाखवतो, नवा बरोबर दाखवतो. आधीचा शेरा मी मागे घेते.” ‘माझा भाग’ खोडून त्यांनी ‘जुना भाग’ केलं. थोडा वेळ ते पाहत बसल्या. मग पुन्हा ‘माझा भाग’ केलं आणि पाठवून दिलं.

आता ‘मान्य’चं बटण दाबायचं राहिलं. पण चाळण शेवटी चाळण. दाबण्याआधी पुन्हा एकदा वरपासून वाचायची त्यांची सवय होती. या वेळी खुसपट काढायचं नव्हतं, म्हणून वाचन सरळ झालं, आणि त्या आपल्याच ओळीवर येऊन थांबल्या. ‘मोठा खंड एकदम भरू नका. आधी त्याचे दोन तुकडे करा.’

जुन्या भागासाठी ते खरं होतं. नव्यात ते खोटं होतं. नवा भाग अख्खा खंड एकदम पाहतो म्हणूनच बरोबर येतो; कोणी सूचना वाचून तुकडे केले असते तर उत्तर बिघडलं असतं. सगळ्या बदलात खरी चूक म्हणावी अशी ही एकच होती. इतके दिवस त्यांनी रिकाम्या ओळी मोजल्या, आणि ही डोळ्यांसमोर असून सोडून दिली, कारण ती त्यांची होती.

त्यांनी शेरा लिहिला: “ही सूचना आता खोटी आहे. काढून टाका.”

पाणकावळाही तेव्हा पडद्यासमोरच असावा. लगेच उत्तर आलं: “ठाऊक आहे, ताई. पण तुमची एक तरी ओळ राहू दे म्हणून मी ठेवली. राहू दे ना.”

दया! तीही याच्याकडून. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं की कशाचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि टकटक करत लिहिलं: “खोटी ओळ राहू देत नाहीत. माझे शेरे वाचलेत ना तुम्ही? काढा.”

सासूबाई आतून विचारत होत्या की गॅसवर काय ठेवलंय, उतू जाईल. मग उत्तर आलं: “केलं, ताई.”

ताईंनी ‘मान्य’ दाबलं. त्यांच्या ओळी लाल होऊन एकामागून एक निघून गेल्या आणि पहिल्या पानावरचं नाव बदललं. त्यांनी तो भाग पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला, नेहमीसारखा, ओळ न् ओळ. त्यात आता त्यांची एकही ओळ नव्हती, आणि चूकही नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं. मग त्यांनी लॅपटॉप मिटला आणि उतू गेलेलं दूध पुसायला गेल्या.